दोन खोल्यांसाठी आर्किटेक्ट कशाला?

डिसेंबरात तानसेन समारोहाला ग्वाल्हेरला जायचे असे दर वर्षी ठरते आणि दर वर्षी राहून जाते. गेल्या डिसेंबरात योग आला. पण खरे सांगायचे तर कारण गाण्याचे नव्हते. लष्कर भागातल्या हरिशंकरपुरम वसाहतीत माझी मावशी राहते. तिच्या यजमानांना, म्हणजे काकांना, गणपतीनंतर अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू गेली. मावशीचा फोन आला तो असा: "तू ये रे एकदा. खाली एक खोली आणि बाथरूम काढायचंय. मिस्त्री येऊन माप घेऊन गेलाय. बबनचं म्हणणं, आर्किटेक्ट बघा. मी बोलले, दोन खोल्यांसाठी आर्किटेक्ट कशाला?"

बबन म्हणजे माझा मावसभाऊ. तो पुण्यात असतो आणि पैसे तोच पाठवणार होता. पन्नास वर्षे ग्वाल्हेरात काढल्यावर मावशीच्या मराठीत 'मी बोलले' आलेच आहे. माहेर डिचोलीचे असले तरी रागावते ती हिंदीत.

मावशीचा प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटला नाही. मी स्वतः आयुष्यभर तोच विचारत आलो. आमच्या गोव्यात घराला काही करायचे म्हटले की आधी मेस्त आठवतो. मेस्त येतो, कानावरची पेन्सिल काढतो, जमिनीवर फराटे मारतो, चिरे किती लागतील ते सांगतो आणि विडी ओढून निघून जातो. हा 'मेस्त' शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र' वरून आला हे गोवेकराला सांगायला नको. गंमत अशी की उत्तर हिंदुस्थानातला 'मिस्त्री' हादेखील त्याच शब्दाचा वंशज. आमच्या किनाऱ्यावर उतरलेला शब्द चंबळच्या काठापर्यंत जाऊन पोचला, आणि 'आर्किटेक्ट कशाला' ही वृत्ती वाटेत कुठेही बदलली नाही.

तर मी गेलो. घर १९८५ च्या सुमाराचे. त्याआधी काकांचे कुटुंब जुन्या लष्करात, एका गोठीतल्या वाड्यात राहत होते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचेच शहर झाले, म्हणून त्याचे नाव लष्कर. निंबाळकरांची गोठ, चिटणिसांची गोठ ही वस्त्यांची नावे आजही त्या तळाची आठवण देतात. वाड्यात भाऊबंद वाढले, चौकात भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा काकांनी कर्ज काढून हे स्वतंत्र घर बांधले. खाली बैठक, स्वयंपाकघर, कोठी. वर झोपायच्या दोन खोल्या. न्हाणीघर वर. छप्पर त्या भागातल्या पद्धतीचे, गर्डर-पटियाचे, म्हणजे लोखंडी तुळयांवर ग्वाल्हेरी दगडाच्या लांब फरश्या. जोते रस्त्यापासून दीड फूट उंच. पन्नाशीच्या माणसाला अगदी योग्य घर. पंच्याहत्तरीच्या, अर्ध्या अंगाने लुळ्या झालेल्या माणसाला मात्र तो तुरुंग. काका तीन महिने बैठकीतल्या दिवाणावर होते आणि रोजची आंघोळ स्वयंपाकघराच्या मोरीत, दोघांनी धरून. काका बँकेत अधिकारी होते. नीटनेटके, कडक इस्त्रीचे. त्यांना हे सगळे कसे होत असेल ते मी लिहीत नाही.

मिस्त्रीची योजना साधी होती. घराच्या पश्चिमेला कुंपणापर्यंत सात फुटांची मोकळी गल्ली आहे. तिच्यात जुन्या भिंतीला लागून खोली, तिच्या टोकाला बाथरूम, वर गर्डर-पटिया. पुढच्या दाराला पायऱ्यांच्या जागी उतार. "आंटीजी, बीस दिन का काम है, नक्शे-वक्शे की क्या ज़रूरत?" असे तो म्हणाला. हा माणूस लबाड नव्हता हे मुद्दाम सांगतो. त्याचा बाप दगडाची जाळी कोरणारा होता. भिंत ओळंब्यात कशी आणायची हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता माझा स्वतःचा अनुभव. आमच्या गावच्या घराला बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही मागच्या बाजूने न्हाणीघर जोडले. चिऱ्याची जुनी भिंत, मातीचा दर्जा, वर मंगळुरी कौले. तिला चिकटून सिमेंटचा स्लॅब. बांधणाऱ्याने काम मनापासून केले. मात्र कौलारू छपराचा उतार आणि स्लॅबची भिंत जिथे भेटतात तिथे पाणी कुठे जाणार हा प्रश्न त्यालाही पडला नाही आणि आम्हालाही नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो हा प्रश्न विचारल्याशिवाय राहतो का? पहिल्याच श्रावणात सांध्यातून पाणी चिऱ्यात उतरले. ओल दिसते म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. त्यामुळे आत गेलेले पाणी बाहेर यायचीही वाट बंद झाली. नवा पाया आपल्या गतीने खचला, जुना केव्हाच खचून स्थिर झालेला. दोघांच्या मध्ये बोटभर तडा. दुरुस्तीला जे पैसे गेले त्यात आर्किटेक्टचे शुल्क तीनदा देऊन झाले असते. तेव्हापासून माझे मत उलटे झाले आहे. नवे घर एक वेळ चांगल्या गवंड्याकडून बांधून घ्या. कोरी जागा असते, चुका कळतात तरी. पण चालत्या घराला खोली जोडायची असेल तर जाणता माणूस हवाच. कारण तिथे खोली बांधायची नसते, सांधा बांधायचा असतो.

मुंबईकरांना हे सांगायला नको. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली चार मजली इमारत कोसळली, १७ माणसे गेली. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत फेरफार चालू होते आणि त्यात इमारतीचा आधारच काढला गेला असा आरोप झाला. काम 'छोटे'च होते. आतल्या आत, एका मजल्यापुरते.

ग्वाल्हेरात याची दुसरी बाजू सांगणारी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. जयविलास राजवाडा १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांसाठी मायकेल फिलोज यांनी बांधला. दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगायची होती. छत ते वजन पेलेल का, हे पाहण्यासाठी म्हणे हत्ती वर चढवून छतावर चालवले. हत्ती किती, यावर गाइडागणिक आकडा बदलतो. पण बांधलेल्यावर नवा भार टाकण्याआधी तपासणी करावी हे महाराजांनाही पटले होते. आपल्याकडे हत्ती नाहीत, म्हणून आकडेमोड करणारा माणूस लागतो. मावशीला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "त्यांचा राजवाडा होता बाबा, माझी बाथरूम आहे."

मग आम्ही आर्किटेक्ट शोधायला लागलो आणि खरी करमणूक सुरू झाली. मावशीच्या ओळखीचा पहिला 'आर्किटेक्ट' निघाला तो नकाशे काढून पालिकेत पास करून देणारा. कागद त्याच्या हातात पटापट हलतात, जागा पाहायला मात्र तो येत नाही. दुसरा वास्तुवाला. तो आला, होकायंत्र काढले, ईशान्य-नैर्ऋत्य केले आणि स्वयंपाकघर हलवायला सांगून गेला. काकांच्या खुर्चीकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. आपल्या भाषेतच घोळ आहे. वास्तुविशारद, वास्तुतज्ज्ञ, वास्तुशास्त्री हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो आणि त्यातला कोण पाच वर्षे शिकून आलाय आणि कोण पंधरा दिवसांचा वर्ग करून, हे पाटीवरून कळत नाही.

कायद्याचे तसे बरे आहे, आणि तसे नाहीही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. मान्यताप्राप्त पदवी, ती पाच वर्षांची, आणि मग नोंदणी. नोंदणी क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष आणि आकडा. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो ताडून पाहता येतो. पण मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कायद्याने राखून ठेवली आहे ती उपाधी, ते काम नव्हे. म्हणजे आर्किटेक्टचे काम नोंदणी नसलेलाही करू शकतो, फक्त तसे नाव लावू शकत नाही. निकालाच्या बरे-वाईटात मी पडत नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण तुमच्या-माझ्यासारख्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की दारात आलेल्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारायचे काम आपलेच. विचारायला आपल्याला भीड पडते. डॉक्टरची पदवी भिंतीवर पाहतो, आणि ज्याच्या हाती जन्माची पुंजी द्यायची त्याला विचारायला लाजतो.

तिसरे गृहस्थ रीतसर नोंदणीकृत, मोठे कार्यालय. फोनवर काम ऐकून म्हणाले, "इतक्या छोट्या कामाला आम्ही हात लावत नाही." त्यांचाही राग येऊन उपयोग नाही. शुल्क बांधकामखर्चाच्या टक्क्यांत मोजायची रीत आहे. खर्चच लहान तर टक्के काय उरणार? शिवाय जुन्या घराला खोली जोडण्यात डोके नव्या बंगल्याइतकेच लागते, कधी जास्तच. तेव्हा टक्केवारी सोडून ठरावीक रक्कम किंवा भेटीगणिक पैसे बोलावेत, हे मी अनुभवाने सांगतो. पण आर्किटेक्ट मंडळींबद्दलही माझी तक्रार आहेच. संगणकावर केलेली चकचकीत चित्रे दाखवतात, घरातल्या बाईला 'तुम्ही सकाळी चहा कुठे उभ्या राहून करता' हे विचारत नाहीत. मध्यमवर्गाने त्यांच्याकडे पाठ फिरवली, त्यात मध्यमवर्गाच्या कंजूषपणाइतकाच त्यांच्या इंग्रजीचाही वाटा आहे.

असे सगळेच नसतात. मूळचे गोव्याच्या घराण्यातले चार्ल्स कोरिया आपल्याला पणजीच्या कला अकादमीमुळे ठाऊक. पण १९८३ ते १९८६ च्या दरम्यान त्यांनी नवी मुंबईत बेलापूरला 'आर्टिस्ट्स व्हिलेज' ही छोट्या घरांची वसाहत केली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे त्यांनी एक साधी गोष्ट केली. शेजारच्या दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. का? तर पुढे कुणाचा मुलगा लग्नाचा झाला, कुणाकडे पैसे आले, तर शेजाऱ्याची परवानगी न घेता, त्याची भिंत न फोडता, प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे. घर वाढणारच हे धरून चालणारा आर्किटेक्ट! पुढे तिथल्या पुष्कळ लोकांनी मूळ घरे पाडून मोठी बांधली ही गोष्ट वेगळी. त्याबद्दल हळहळणारे हळहळतात. मला वाटते, ज्याने वाढीला जागा ठेवली त्याला लोक वाढले याचे दुःख नसावे.

शेवटी बबनच्या मित्राच्या ओळखीने एक तरुण आर्किटेक्टबाई मिळाल्या. नोंदणी पाहिली. त्यांनी केलेली तीन जुनी कामे पाहू दिली. त्यांचे फोटो दाखवले नाहीत, घरेच दाखवली, आणि तीही चार-पाच पावसाळे गेलेली. हे फार महत्त्वाचे. नवी कोरी खोली सगळ्यांचीच छान दिसते. भेटीचे पैसे ठरले, तीन टप्प्यांत द्यायचे असे कागदावर आले, आणि पायाची व भाराची तपासणी करायला वेगळा स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल हे त्यांनी स्वतःहून सांगितले. जो आर्किटेक्ट 'सगळे मीच बघतो' म्हणेल त्याच्यापासून जरा जपावे.

बाई आल्या त्या आधी काकांशेजारी जाऊन बसल्या. खुर्ची मोजली. काकांचा डावा हात कुठवर पोचतो ते पाहिले. मग टेप काढली. त्यानंतर जे झाले ते मावशीच्या शब्दांत: "पूरा नक्शाही बदल गया."

पश्चिमेच्या गल्लीत खोली नको, असे त्या म्हणाल्या. एक तर ती मोकळी सोडायची जागा, तिथे परवानगी मिळण्यातली नव्हे. दुसरे, स्वयंपाकघराची एकुलती खिडकी त्याच गल्लीत उघडते, ती बंद होईल. तिसरे, ग्वाल्हेरचा मे महिना. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि पश्चिमेची दगडी भिंत दुपारभर तापून रात्रभर ती उष्णता आत सोडते. ज्या माणसाला स्वतःहून उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही त्याला तिथे झोपवणार? हा तिसरा मुद्दा ऐकून मावशी गप्प झाली.

आणि उतार. जोते दीड फूट. मिस्त्री पाच फुटांत उतार करणार होता. बाईंनी सांगितले, चाकाच्या खुर्चीला उतार एकास बारा हवा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, दीड फुटाला अठरा. पाच फुटांच्या उतारावरून खुर्ची ढकलायला पैलवान लागेल आणि उतरताना तोही पुरणार नाही. मी मनात हिशेब केला. मावशीचे वजन पन्नास किलो, काकांचे ऐंशी. मिस्त्रीही हिशेब करत असावा. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ये बात तो मैडम ने सही पकड़ी."

त्यांनी सुचवलेले काम मूळ योजनेच्या निम्म्याहून कमी निघाले. बैठकीच्या मागची कोठी, जिच्यात चाळीस वर्षांचे डबे, तुटका पाळणा आणि काकांच्या वडिलांचा तानपुरा होता, ती काकांची खोली. तिला पूर्वेची खिडकी आहेच. मागच्या अंगणात फक्त बाथरूमपुरते वाढीव बांधकाम, सहा फूट बाय आठ, आपल्या पायावर उभे, जुन्या भिंतीपासून सांधा सोडून. दार तीन फुटांचे, बाहेर उघडणारे, म्हणजे आत माणूस पडला तर दाराला अडकणार नाही. उंबरठा नाही. उतार समोरून सरळ न नेता अंगणाच्या कडेने, मध्ये वळणावर सपाट जागा ठेवून. कोठीची भिंत फोडायच्या आधी इंजिनिअर येऊन गर्डर कशावर टेकले आहेत ते पाहून गेला. बरे झाले, कारण ज्या भिंतीत दार काढायचे होते तिच्यावरच दोन गर्डर टेकलेले होते. दार दोन फूट सरकवले.

मिस्त्रीवर अन्याय नको. मागच्या अंगणात मैलापाण्याची जुनी वाहिनी कुठून जाते हे नकाशात नव्हते, बाईंना ठाऊक नव्हते, इंजिनिअरला तर नव्हतेच. ते मिस्त्रीला ठाऊक होते. शेजारच्या घराचे काम त्याने केलेले. त्याने पायाने जमिनीवर रेघ मारून दाखवली आणि खोदल्यावर ती तिथेच निघाली. बाईंनी नकाशात बाथरूम दीड हात सरकवले, हसत. हे दोघे एका अंगणात उभे राहिले म्हणून काम झाले. एरवी आपण त्यांतल्या एकाला बोलावतो आणि दुसऱ्याचे पैसे वाचवल्याचा आनंद मानतो.

तानपुऱ्याचा प्रश्न निघाला तेव्हा थोडी रडारड झाली. काकांचे वडील माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले. तो ठेवायचा कुठे? तो वर ठेवू, असे मावशी म्हणाली. काकांनी डावा हात हलवून नाही म्हटले. त्यांची वाचा पुरती परतलेली नाही, पण 'इथे' हा शब्द स्पष्ट आला. आर्किटेक्टबाईंनी वहीत पलंगाच्या डोक्याशी एक उभा कोनाडा काढला. त्या दिवशी संध्याकाळी मी समारोहात जाऊन बसलो, पण गाण्यात माझे लक्ष फारसे नव्हते.

काम होळीनंतर सुरू झाले. वीस दिवसांचे दोन महिने झाले, तेवढे होतेच. गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. उताराच्या पृष्ठभागाला मिस्त्रीने ग्वाल्हेरी दगडच लावायचा हट्ट धरला आहे, टाइल्स नकोत म्हणतो. बाईंनी मान्य केले, मात्र दगड घासून गुळगुळीत करायचा नाही, टाकीचे खडबडीत घाव तसेच ठेवायचे या अटीवर. मिस्त्रीला ते कमीपणाचे वाटते आहे. "तू सांग ना त्याला," मावशी म्हणाली, "तुझं ऐकेल तो. मैडमशी आता तो फक्त भांडतोय, आणि दोघंही रोज चहाला थांबताहेत."